भात सोडावा की मोजावा?

मावळात आवणीच्या दिवसांत कुसगावच्या बाजूला गेलो, तर खाचरांतून भाताची रोपे लावलेली दिसतात. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तयार केलेला ‘इंद्रायणी’ १९८७ साली प्रसारित झाला आणि या खाचरांत रुजला. अशा गावात एखाद्याला टाइप दोनचा मधुमेह झाला, की पहिला सल्ला मिळतो, “भात बंद. भाकरी खा.” घरचाच तांदूळ असलेल्या माणसाला हा सल्ला जड जातो. मग तो कितपत बरोबर आहे?

आपण थोडा हिशेब करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कोरड्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम, तर ज्वारीत सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके असतात. समजा, एक गृहस्थ दुपारी ६० ग्रॅम पिठाची एक भाकरी आणि ६० ग्रॅम तांदळाचा भात खातात. भाकरीतून ४२ आणि भातातून ४७, अशी एकूण ८९ ग्रॅम कर्बोदके झाली. त्यांनी भात सोडला, पण पोट भरावे म्हणून अडीच भाकऱ्या खाल्ल्या, तर बेरीज १०५ होते! भाकरीत चोथा अधिक असतो आणि मऊ, चिकट भात लवकर पचून साखर झटकन वाढवू शकतो, हे खरे. पण एकूण मात्रा वाढली, तर भाकरीचा हा फायदा बराचसा वाया जातो.

आता चहाकडे पाहू. एका कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर. पाच कपांत ५० ग्रॅम. वरच्या भातातल्या कर्बोदकांपेक्षाही ही जास्त! साखरेऐवजी गूळ घातला, तरी हिशेबात फारसा फरक पडत नाही. पण जेवणाविषयी विचारले, तर चहा कोणी सांगत नाही.

म्हणून सल्ल्याआधी आहाराची पाहणी हवी. तिची एक सोपी रीत म्हणजे २४ तासांची आठवण. काल उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय गेले, ते क्रमाने विचारायचे. “किती वाट्या?” एवढे विचारून भागत नाही, कारण एका घरची वाटी १०० मिलिलिटरची, तर दुसऱ्या घरची २०० ची असते. ती वाटी समोर आणून पाण्याने मोजावी. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीलाही विचारावे. एक दिवस पुरत नाही. निदान तीन दिवसांची नोंद घ्यावी आणि त्यांत सुटीचा एक दिवस असावा. उपवासाची चौकशी वेगळी करावी, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. पाव्हण्यांसोबत खाल्लेली लोणावळ्याची चिक्कीही विसरू नये.

माणसे खाल्लेले बहुधा कमीच सांगतात. समस्थानिकयुक्त पाणी पिण्यास देऊन शरीराने प्रत्यक्ष किती ऊर्जा खर्च केली हे मोजता येते. ते आकडे सांगितलेल्या आहाराशी ताडून पाहिल्यावर ही तूट स्पष्ट झाली. यात लबाडीपेक्षा विसर आणि संकोच अधिक असतो. म्हणून विचारणाऱ्याने रागावू नये. रागावले, की पुढची उत्तरे खोटी येतात.

पाहणी झाली, की सल्ला त्या घरापुरता नेमका देता येतो. आपल्या गृहस्थांना चहातली साखर सोडायला सांगता येईल. भात मोजून अर्धा करून उसळ, पालेभाजी वाढवता येईल आणि जेवताना त्या आधी खाता येतील. भात ताटात राहतो, म्हणून हे पथ्य टिकण्याची शक्यता जास्त. मात्र जे इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय जेवण एकदम तोडू नये. रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. प्रत्येक विद्यार्थ्याने घरची रोजची वाटी आणावी आणि मोजपात्राने तिचे आकारमान फळ्यावर लिहावे. ‘एक वाटी भात’ म्हणजे नेमका किती, याची उत्तरे पाहून वर्गच नव्हे, आपणही चकित होऊ.