बोट उलाळ, लाट झकास

गेटवेहून मांडव्याला जाताना लाँचच्या मागच्या कठड्याशी उभं राहून कधी पाणी पाहिलंय? मधोमध फेसाचा लांब पट्टा आणि दोन्ही अंगांना तिरक्या पळणाऱ्या लाटा. इंजिनाच्या हिशेबात ही निव्वळ उधळपट्टी! जहाजं बांधणारे ती कमी करण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या डोकं खपवताहेत.

आणि तिकडे अमेरिकेत, फ्लोरिडातल्या तळ्यांवर, लोक हीच उधळपट्टी पदरचे पैसे मोजून वाढवतात. कशासाठी? तर पायांना फळी बांधायची, बोटीला बांधलेली दोरी धरायची आणि बोटीमागच्या लाटेवरून हवेत झेपावायचं. लाटेला म्हणतात वेक आणि खेळाला वेकबोर्डिंग.

याचं मोठं भावंड म्हणजे वॉटर स्कीइंग. 1922 साली मिनेसोटातल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसनने ते करून दाखवलं. पण स्कीवाल्यांना मागचं पाणी सपाट हवं, म्हणून त्यांच्या बोटीही तशाच घडत गेल्या. वेकबोर्डवाल्यांच्या हाती सुरुवातीला याच बोटी पडल्या. मग त्यांनी काय केलं असेल? पाण्याने फुगवलेल्या पिशव्या आणून बोटीत टाकल्या!

अडाणी वाटणारा हा उपाय अचूक होता. कारण लाट येते कुठून ते पाहा. बोटीचा भार पेलायचा तर पाण्याला खाली आणि बाजूला सरावं लागतं. बोट पुढे गेली की मागे खळगा उरतो. पाणी खळगा राहू देईल? दोन्हीकडून ते धावत येतं आणि त्या भरात आपली पातळी ओलांडून वर चढतं. भार जास्त, तर खळगा खोल आणि लाट उंच.

आता पिशव्यांच्या जोडीला टाक्या आल्या आहेत. पंप सुरू केला की हजार लिटर पाणी आत येतं. हजार लिटर म्हणजे हजार किलो. चौदा-पंधरा धडधाकट माणसं न बोलावता बोटीत येऊन बसली म्हणा ना! आणि हे पाणी कुठलं? त्याच तळ्यातलं. तळं थोडं उचलून बोटीत भरायचं आणि त्याच्याच वजनाने उरलेल्या तळ्याला उसळवायचं.

पण नुसतं भरून भागत नाही. बैलगाडी भरणाऱ्याला विचारा. बोजा मागे गेला की गाडी उलाळ होते. बोटीचंही तसंच. मागे भार वाढवला की लाट उभी चढते, माथ्याला धार येते. थोडा पुढे, नाळेकडे सरकवला की तीच लाट ऐसपैस उताराची होते. उभी लाट वर भिरकावते, लांब उताराची अलगद उचलते. कोणती चांगली, हा वाद भाकरी बरी की पोळी बरी यासारखाच!

वेग ताशी 35 ते 38 किलोमीटर, दोरी वीस-पंचवीस मीटर. ही जोडीही जमावी लागते. फार हळू गेलात तर लाटेचा माथा फेसाळून ढासळतो. वेग वाढवला की लाट घट्ट होते, पण तिचा स्वच्छ भाग मागे सरकतो. मग दोरीही आणखी लांब सोडायला हवी.

वजन न वाढवता बोट दाबायची असेल तर? बोटीच्या मागे पाण्याखाली एक छोटा पंख असतो, विमानाचा पंख उलटा बसवावा तसा. विमानाचा पंख उचलतो, हा खाली ओढतो. एक थेंबही न भरता बोट मागून जड!

मला सगळ्यात थक्क करते ती मात्र अगदी साधी गोष्ट. डाव्या बाजूची लाट फेसाळतेय, उजवी काचेसारखी आहे. आपण म्हणू, डावीकडे भार जास्त झाला असेल. साफ उलट! ती बाजू हलकी पडलेली असते. उजव्या बाकावरच्या एखाद्याला बर्फाच्या पेटीसकट डावीकडे बसवा आणि मागे बघा. फेस विरतो, माथा जुळून येतो, डावी लाटही तुकतुकीत होते.

म्हणूनच या बोटीत बसणाऱ्यांना एक ताकीद असते: मधेच उठून जागा बदलायची नाही. कुणी सँडविच घ्यायला पलीकडे सरकलं, तर वीस मीटर मागे फळीवर उभ्या असलेल्याला ते पायाखाली कळतं.

संध्याकाळी पंप उलटा फिरतो. टनभर तळं पुन्हा तळ्यात. हलकी झालेली बोट धक्क्याकडे निघते, आणि मागची लाट एवढीशी होऊन जाते.