कोसळलेला मठ, वाचलेल्या पोथ्या

दिवाळी जवळ आली की घरोघरी माळे झाडले जातात, आणि धुळीबरोबर कधी कधी घराची एखादी जुनी चूकही खाली येते. आमच्या घरची चूक म्हणजे एक रिकामा सागवानी पेटारा. त्यात एके काळी आजोबांच्या पोथ्या होत्या. वडील सांगत की, एकदा एक अभ्यासक त्यांची नक्कल उतरून घ्यायला मुद्दाम आले होते. आजोबांनी त्यांना चहा दिला, जेवायला थांबवून घेतले, पण पोथी काही हाती दिली नाही. ‘घरची वस्तू घरातच बरी,’ एवढेच म्हणाले. पुढे पंधरावीस वर्षांनी पेटारा उघडला, तेव्हा पोथ्या घरातच होत्या. फक्त वाळवीच्या पोटात होत्या.

इटलीतील माँटे कॅसिनोच्या मठाची हकीकत वाचताना मला दर वेळी तो पेटारा आठवतो.

रोमच्या आग्नेयेला सुमारे १३० किलोमीटरांवर एका उंच टेकडीच्या माथ्यावर हा मठ आहे. इ.स. ५२९ च्या सुमारास संत बेनेडिक्टने तो स्थापला. प्रार्थना आणि अंगमेहनत यांच्या जोडीला त्याने आपल्या संन्याशांना वाचनाचाही नेम घालून दिला. ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांत प्रत्येकाला ग्रंथालयातून एकेक ग्रंथ द्यावा आणि त्याने तो अथपासून इतिपर्यंत वाचावा, असा त्याच्या नियमावलीतला दंडक आहे. जेथे वाचन आले, तेथे ग्रंथ आले. आणि छापखाना नसलेल्या त्या काळात ग्रंथ म्हणजे नक्कल. अकराव्या शतकात डेसिडेरियस या मठाधिपतीच्या कारकिर्दीत तर येथे लेखनाचा मोठाच उद्योग चालू होता. रोमन इतिहासकार टॅसिटस याच्या इतिहासाचा बराच मोठा भाग आज जगाला वाचायला मिळतो, तो याच मठात त्या शतकात उतरवलेल्या एका प्रतीमुळे. ती एक प्रत नसती, तर नीरोच्या काळातील रोमबद्दल आपण कितीतरी कमी जाणले असते!

मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला याहूनही जवळचा वाटतो तो तेथील इ.स. ९६० चा एक निवाडा. मठाच्या जमिनीचा तंटा होता. निवाडा लॅटिनमध्ये लिहिला गेला. पण या जमिनी तीस वर्षे मठाच्याच ताब्यात होत्या ही साक्ष मात्र साक्षीदारांच्या बोलीत जशीच्या तशी टिपली गेली. इटालियन भाषेच्या अगदी आरंभीच्या लेखांत आज तिला मानाचे स्थान आहे. श्रवणबेळगोळच्या शिलालेखापाशी आपला मराठी माणूस ज्या कौतुकाने थांबतो, त्याच कौतुकाने इटालियन माणूस या कागदापाशी थांबतो. आपली भाषा शेतीच्या वादातून लिखाणात उतरली, याचे त्याला वैषम्य वाटत नाही.

मग आले १९४३ साल. दोस्तांच्या फौजा दक्षिणेकडून वर सरकत होत्या आणि जर्मनांची बचावाची फळी नेमकी याच टेकडीवरून जाणार होती. ऑक्टोबरात दोन जर्मन लष्करी अधिकारी मठाच्या दारी आले: लेफ्टनंट कर्नल श्लेगेल आणि डॉक्टर असलेला कॅप्टन बेकर. ‘ग्रंथ हलवा, नाहीतर ते वाचायचे नाहीत,’ असा त्यांचा आग्रह. (पहिली कल्पना कोणाची, यावर पुढे बराच वाद झाला.) वृद्ध मठाधिपती ग्रेगोरियो दियामारे यांच्यापुढचा पेच पाहा. ठेवले तर नाश, दिले तर लूट! मागणारा तर परक्या फौजेचा माणूस. मन साशंक होते. तरीही शेवटी त्यांनी होकार दिला.

खोकी ठोकली गेली, शंभराहून अधिक मोटारलॉऱ्या भरल्या, आणि सुमारे सत्तर हजार ग्रंथांसह मठाचे प्राचीन दफ्तर डोंगर उतरले. कवी कीट्स आणि शेली यांच्या रोममधील स्मारकाने सुरक्षिततेसाठी मठात पाठवलेल्या दोन पेट्याही होत्या. त्या एका संन्याशाने आपल्या खाजगी सामानात लपवून परत रोमला नेल्या. मठाधिपतींची शंका अगदीच वावगी नव्हती. नेपल्सच्या संग्रहालयाने मठात ठेवलेल्या चित्रांची काही खोकी खरोखरच वाटेत जर्मनीकडे वळली, आणि युद्ध संपल्यावर ऑस्ट्रियातील एका मिठाच्या खाणीत सापडली. ग्रंथ आणि दफ्तर मात्र रोमला सुखरूप पोचले.

१५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोनशेहून अधिक विमानांनी मठावर बाँब टाकले. या घटनेत आपलाही एक धागा आहे. टेकडीवर चढाई करायची होती ती चौथ्या हिंदी डिव्हिजनला, आणि मठ उद्ध्वस्त करण्याची मागणी तिचे सेनापती जनरल टकर यांचीच. मठाच्या भिंतींचा तपशील त्यांना मिळाला तो नेपल्सच्या पुस्तकांच्या दुकानात सापडलेल्या १८७९ च्या एका पुस्तकातून! बाँब पडण्यापूर्वी जर्मनांनी मठात ठाणे दिलेले नव्हते, असे आता बहुतेक इतिहासकार मानतात. ढिगारे झाल्यावर मात्र त्यांनी त्यांचाच आडोसा केला. आश्रयाला आलेले कित्येक गावकरी मेले. राजपुताना रायफल्स आणि गुरखा पलटणींचे जवान त्या उतारावर पडले. ग्रंथ वाचले, माणसे वाचली नाहीत, हे विसरून या कथेचे कौतुक करता येत नाही.

मठ पुन्हा बांधला गेला, आणि १९६४ च्या ऑक्टोबरात पोप सहावे पॉल यांच्या हस्ते त्याचे पुनःपवित्रीकरण झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील बेनेडिक्टाईन संन्याशांनी या विध्वंसापासून धडा घेऊन एक काम आरंभिले. युरोपातल्या मठांची हस्तलिखिते जागेवरून न हलवता त्यांचे मायक्रोफिल्मवर छायाचित्रण करायचे. सुरुवात ऑस्ट्रियात झाली. आज ‘हिल म्युझियम अँड मॅन्युस्क्रिप्ट लायब्ररी’ या नावाने ते काम इथिओपिया, इराक, टिंबक्टू आणि आपल्या केरळातील सिरियाक पोथ्यांपर्यंत पोचले आहे. पोथी मालकाकडेच राहते, चित्र जगाला विनामूल्य पाहता येते. ज्यांची पोथी ते चित्रित करतात, त्यांचा धर्म ते विचारीत नाहीत. टिंबक्टूची हस्तलिखिते इस्लामी विद्येची आहेत. इराकमधील काही हस्तलिखिते पुढे युद्धात नष्ट झाली; त्यांची आज उरली आहेत ती केवळ चित्रे.

आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाडे दफ्तरांसाठी दारोदार हिंडले, तेव्हाही अनेक दारे बंदच राहिली होती. आजोबांना दोष देऊन काय उपयोग? पोथी हातची गेली की गेली, ही त्यांची भीती खोटी नव्हती. आता मात्र देणे म्हणजे गमावणे उरलेले नाही. तेव्हा यंदा माळा झाडताना एखादे जुने बासन हाती लागले, तर रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी ते जरा उलगडून पाहा. घरातल्या मुलाला फोनवर त्याची पानोपान छायाचित्रे घ्यायला सांगा, आणि एखाद्या जाणकाराला दाखवा.

आमच्या पेटाऱ्यात आता गोधड्या असतात. दर दिवाळीला तो उघडताना मी उगीचच तळाशी हात फिरवून पाहतो.