रजिस्ट्री हातात, पण वसाहतीचं काय?

भोपाळच्या दक्षिणेला कोलार रस्त्यावरून आत वळलं की मोकळ्या शेतात चुन्याच्या रेघा दिसतात, मुरूम टाकलेला रस्ता दिसतो आणि रजिस्ट्री-नामांतरणाची हमी देणारी पाटी दिसते. कोलारला वेगळी नगरपालिका होती; २०१४ मध्ये हा भाग भोपाळ महापालिकेत आला. तोवर शेतांचे तुकडे पडून विकलेही गेले होते. महाराष्ट्रात याला आपण गुंठेवारी म्हणतो.

इथला सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे ‘रजिस्ट्री झाली, आता काळजी नाही’. रजिस्ट्री होते ती १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली, आणि तिच्यात कोणी, कोणाला, कितीला विकलं एवढंच नोंदवलं जातं. विकणाऱ्याची मालकी निर्वेध होती का, समोरचा रस्ता कोणाच्या नावावर आहे, याची जबाबदारी दुय्यम निबंधक घेत नाही. नामांतरणाने खसऱ्यात, जमिनीच्या सरकारी नोंदीत, तुमचं नाव चढतं, म्हणजे आपल्याकडचा फेरफारच. डायव्हर्जन म्हणजे आपलं ‘एनए’, जमीन बिगरशेती करणं. हे तिन्ही कागद खरे असूनही वसाहत अनधिकृत असू शकते, कारण तिला लागतो नगर तथा ग्राम निवेश विभागाने, लोकांच्या भाषेत ‘टीएनसीपी’ने, मंजूर केलेला लेआउट आणि त्यावर महापालिकेची विकास परवानगी. मालमत्ता कराची पावती तर याबाबतीत काहीच सिद्ध करत नाही. कर अनधिकृत बांधकामावरही बसतो.

मंजूर लेआउट असला तरी तो उघडून बघावा. रस्ते, गटारं, पाणी करून देण्याची हमी म्हणून कॉलनी पाडणाऱ्याचे काही भूखंड महापालिकेकडे गहाण असतात. त्यांना ‘बंधक’ म्हणतात. आपला नंबर त्यात निघाला, तर भाव कितीही गोड असो, उठून यावं.

दुसरी समजूत नियोजनाची. भोपाळचा विकास आराखडा १९९५ मध्ये मंजूर झाला आणि त्याच्या नावात साल आहे २००५. पुढे २०३१ चा मसुदा २०२० मध्ये आला, २०२३ मध्ये सुधारून आला, तरी अंतिम झाला नाही. म्हणून कोणी म्हणतं, जुना संपला, नवा नाही, मग अडवणार कोण? नवा लागू होईपर्यंत जुनाच चालतो. कलियासोत नदीकाठच्या बांधकामांना हे चांगलंच कळलं आहे. जुन्या आराखड्यातला नदीच्या दोन्ही बाजूंचा ३३ मीटरचा हरित पट्टा आखून मोकळा करा, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये सांगितलं.

‘रेरा’चा, स्थावर संपदा कायद्याखालच्या नोंदणीचा, नंबर आहे, म्हणजे घर वेळेवर मिळणारच, असंही नाही. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा आठहून अधिक घरांच्या प्रकल्पाला नोंदणी सक्तीची आहे. ग्राहकांकडून आलेले ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही. एवढं हत्यार हाती येतं, ते वापरायचं आपण.

वसाहत ‘नियमित’ झाली की सगळं पावन, हेही खरं नव्हे. मध्य प्रदेशच्या २०२१ च्या नियमांत ३१ डिसेंबर २०१६ पर्यंतच्या वसाहती धरल्या होत्या. पुढे २०२२ पर्यंतच्या धरण्याची घोषणा झाली. नियमित झाल्यावर बांधकाम परवानगीची वाट मोकळी होते, पण मालकीतला घोळ तसाच राहतो.

राहिली पंतप्रधान आवास योजना. ती फुकट घर देत नाही. १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात व्याज अनुदान जास्तीत जास्त १.८० लाखांचं, तेही पाच वार्षिक हप्त्यांत, ३५ लाखांपर्यंतच्या घराला आणि २५ लाखांपर्यंतच्या कर्जाला. वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत हवं आणि देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नको. म्हणजे नागपूरला वडिलोपार्जित घर स्वतःच्या नावावर असलेल्या भोपाळवासी मराठी माणसाने ही रक्कम हिशेबात धरू नये.