एक पाऊल, पाच हजार वर्षं

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड शहरातून उत्तरेकडे साधारण सव्वाचारशे किलोमीटर गेलं की फ्लिंडर्स डोंगररांग लागते. हा कोरडा मुलूख आहे. वर्षाला जेमतेम 250 मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणात जुलैमधल्या एखाद्या दिवशीच एवढा कोसळून जातो. याच रांगेत ब्राचिना नावाची घळ आहे. ओढ्याचं पात्र बहुतेक वेळा कोरडंच असतं, दगडगोट्यांमध्ये जुने रेड गम वृक्ष पाय रोवून उभे असतात आणि दोन्ही बाजूंना तांबूस-जांभळ्या कड्यांचे थर तिरपे कललेले दिसतात. घळीतून 20 किलोमीटरचा कच्चा रस्ता जातो. पूर्वेकडून पश्चिमेकडे निघालं की जुन्या खडकांकडून नव्या खडकांकडे प्रवास होतो, आणि तेवढ्या अंतरात 13 कोटी वर्षांचे थर ओलांडले जातात.

तेरा कोटी हा आकडा वाचताना डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही, म्हणून साधा भागाकार करू. 20 किलोमीटरला 13 कोटी वर्षं, म्हणजे एका मीटरला साडेसहा हजार वर्षं. माणसाचं एक पाऊल पाऊण मीटरचं धरलं, तर प्रत्येक पावलागणिक जवळजवळ पाच हजार वर्षं मागे पडतात. थर काही एकाच गतीने साचलेले नाहीत, त्यामुळे हा सरासरीचा हिशेब. पण सरासरीसुद्धा छाती दडपवणारी आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्ह्यातून तयार झाला. या मापाने आजपासून सह्याद्रीच्या जन्मापर्यंत मागे जायला दहा किलोमीटर चालावं लागेल. आणि ब्राचिनातला सर्वांत नवा थरसुद्धा त्याच्या कितीतरी पलीकडचा, तब्बल 50 कोटी वर्षांहून जुना आहे.

या रांगेच्या दक्षिणेला क्वॉर्न गावाजवळ पिची रिची नावाची खिंड आहे. तिथल्या एका खडकाचा कापलेला तुकडा हातात घेतला तर वहीची पानं कडेने पाहावीत तशा बारीक रेघा दिसतात. काही रेघा जाड, काही बारीक. जाड होत होत पुन्हा बारीक, असा ठेका सगळ्या दगडभर चालतो. सुमारे 63 कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता आणि भरती-ओहोटीबरोबर वाळू-गाळाचा एकेक पापुद्रा तळाशी बसत होता. उधाणाच्या भरतीला जाड थर, भांगाच्या भरतीला पातळ. कोकणातल्या कुठल्याही कोळ्याला हा ठेका समजावून सांगावा लागणार नाही. जॉर्ज विल्यम्स या भूवैज्ञानिकाने या रेघा चिकाटीने मोजल्या. सलग सुमारे साठ वर्षांच्या भरत्यांची नोंद त्या दगडात निघाली.

त्या मोजणीतून आलेलं उत्तर असं: तेव्हा वर्षात सुमारे 400 दिवस होते आणि दिवस होता 21.9 तासांचा. गुणाकार करून पाहा. 400 गुणिले 21.9 म्हणजे 8,760 तास. आजही वर्षाचे तास जवळपास तेवढेच भरतात. पृथ्वीची सूर्याभोवतीची फेरी तेवढीच राहिली, स्वतःभोवतीची गिरकी मात्र मंदावली. चंद्रामुळे समुद्राला भरती येते, त्या पाण्याच्या घर्षणाने पृथ्वीचा वेग कमी होतो आणि चंद्र दूर सरकतो. आज तो वर्षाला 3.8 सेंटिमीटरने दूर जातो आहे. त्या काळी वर्षात 13.1 चांद्रमास बसत. आज ते बारा आणि थोडे वर असतात, म्हणून तर आपल्या पंचांगात दर 32-33 महिन्यांनी अधिक मास धरावा लागतो. चंद्राच्या घड्याळाची एवढी बारीक नोंद एका कोरड्या खिंडीतल्या दगडात टिकून राहावी, याहून मोठं आश्चर्य मला तरी माहीत नाही.

ब्राचिनातल्या एनोरामा ओढ्याकाठी खडकात धातूची एक छोटी चकती बसवलेली आहे. तिच्या खालच्या थरांत बर्फाने वाहून आणलेले दगडधोंडे आहेत. तेव्हा हा प्रदेश विषुववृत्ताजवळ होता आणि तरीही इथपर्यंत बर्फ पोहोचला होता. चकतीपासून फिकट डोलोमाइटचा थर सुरू होतो, आणि तिथेच 63 कोटी 50 लाख वर्षांपूर्वी सुरू झालेल्या एडिअ‍ॅकरन कालखंडाची जगाने मान्य केलेली सीमा आहे. 2004मध्ये या कालखंडाला मान्यता मिळाली. पृथ्वीच्या इतिहासात नवा कालखंड नोंदवण्याची वेळ तब्बल 120 वर्षांनी आली होती.

हे नाव इथल्याच टेकड्यांचं. 1946 साली रेज स्प्रिग हा तरुण सरकारी भूवैज्ञानिक एडिअ‍ॅकरा टेकड्यांमधल्या जुन्या खाणी तपासायला आला होता. तिथल्या वालुकाश्माच्या लाद्यांवर त्याला जेलीफिशसारखे गोल ठसे दिसले. त्याचं म्हणणं तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. आज त्याच परिसरातल्या निल्पीना इथे संशोधक फरशी उलटावी तशा लाद्या उलटवून खालची बाजू वाचतात, कारण ठसे तिथे आहेत. त्यातला डिकिन्सोनिया नावाचा जीव पाहावा. लंबगोल, मधोमध एक शीर, तिच्या दोन्ही अंगांना बारीक चुण्या; एखाद्या पानाचा ठसा म्हणूनही खपून जाईल. लांबी काही मिलिमीटरपासून जवळजवळ दीड मीटरपर्यंत आणि जाडी जेमतेम काही मिलिमीटर. तोंड नाही, हाड नाही, दात नाहीत. असा मऊ जीव 55 कोटी वर्षांपूर्वी वाळूखाली दबला आणि त्याच्या चुण्यासुद्धा शाबूत राहिल्या. 2023मध्ये निल्पीना राष्ट्रीय उद्यान म्हणून खुलं झालं.

आता माणसांकडे येऊ. या डोंगरांचे मूळ रहिवासी अड्नामथना. त्यांच्या भाषेत या नावाचा अर्थच 'खडकांची माणसं'. ती इथे कधीपासून आहेत, याचं एक उत्तर वारात्यी नावाच्या कपारीत मिळालं. जाइल्स हॅम हे पुरातत्त्वज्ञ आणि क्लिफर्ड कूल्टहार्ड हे अड्नामथना वडीलधारे घळी धुंडाळत फिरत होते. कूल्टहार्ड लघवीसाठी गाडीतून उतरले आणि ओढ्याने थोडे वर चालत गेले. तिथे झरा होता, खडकावर चित्रं होती. पुढे कपार दिसली तर तिचं छत धुराने काळं झालेलं. खोदल्यावर दगडी हत्यारं, गेरू, राख, डिप्रोटोडॉन या गेंड्याएवढ्या नष्ट प्राण्याचं हाड, एका नामशेष महाकाय पक्ष्याच्या अंड्याची टरफलं असं बरंच काही हाती लागलं. 2016मध्ये 'नेचर'मध्ये निष्कर्ष छापून आला, तो असा की इथे चुली पेटू लागल्या त्याला सुमारे 49 हजार वर्षं झाली.

पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर या जवळजवळ दोन हजार पिढ्या होतात. घळीच्या मापाने मात्र फक्त दहा पावलं. याच रांगेतल्या आर्कारू नावाच्या खडकावरची कोळशाने आणि गेरूने काढलेली चित्रं सुमारे पाच हजार वर्षांची, म्हणजे एक पाऊल. आणि 1851मध्ये इथल्या विल्पीना भागात मेंढ्या घेऊन आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांपासून आजपर्यंतचा काळ? पावणेतीन सेंटिमीटर. अंगठ्याचं एक पेर.

त्या एका पेरात घडलेलं मात्र विसरण्याजोगं नाही. 1865मध्ये जॉर्ज गॉयडर या सर्वेक्षण अधिकाऱ्याने नकाशावर रेघ ओढून बजावलं की हिच्या उत्तरेला धान्य पिकवू नका. पुढे काही वर्षं पाऊस बरा झाला. नांगर गेला की मागोमाग पाऊस येतो, असं लोक म्हणू लागले आणि रेघ ओलांडून गहू पेरला गेला. मग दुष्काळ पडला. ओस पडलेल्या दगडी घरांच्या भिंती त्या भागात आजही उभ्या आहेत.

इथल्या सगळ्यांत मोठ्या डोंगरवेढ्याला या वसाहतवाल्यांनी विल्पीना पाउंड नाव दिलं. पाउंड म्हणजे कोंडवाडा. सुमारे 17 किलोमीटर लांब आणि 8 किलोमीटर रुंद अशी ती डोंगरांची परात आहे, आत शिरायला ओढ्याची एक अरुंद वाट. अड्नामथना तिला इकारा म्हणतात, म्हणजे भेटीची जागा. ते सांगतात, पश्चिमेकडून युर्लू हा खंड्या समारंभासाठी इकाराला आला. वाटेत त्याने पेटवलेल्या आगीचे कोळसे म्हणजे ली क्रीकचा दगडी कोळसा. त्याच्यामागून दोन अकुर्रा सर्प आले. त्यांनी जमलेल्या माणसांना वेढा घालून गिळलं आणि तिथेच पडून राहिले. परातीचे दोन्ही काठ म्हणजे त्यांची अंगं. 1,171 मीटर उंचीचं सेंट मेरी शिखर हे त्यांतल्या एकाचं डोकं. कोळसा कुठे आहे, पाणी कुठे आहे, डोंगर कसा वळला आहे, हे सगळं या कथेत आहे आणि ती अजून सांगितली जाते. 2009मध्ये न्यायालयाने या जमिनीवरचा अड्नामथनांचा पारंपरिक हक्क मान्य केला. 2016मध्ये विल्पीनाभोवतीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या नावात इकारा आलं.

तिथे जाण्याचा योग आला तर एवढं कराच. ब्राचिनाची वाट शक्य तितकी पायी चाला आणि एकही दगड उचलून आणू नका. आणि सेंट मेरीच्या शिखरावर चढू नका. शिखराआधीच्या टँडेरा खिंडीतूनच परत फिरा. तशी विनंती अड्नामथनांनी सर्व पाहुण्यांना केलेली आहे.