बेरोजगार भत्ता: उत्पन्न कोणाचे मोजणार, हा खरा प्रश्न

निवडणुका जवळ आल्या की बेरोजगार भत्त्याची घोषणा होते. महिन्याला किती हजार मिळणार, यावर चर्चा रंगते. पण भत्ता कोणाच्या हातात पडणार आणि कोणाचा अर्ज बाजूला टाकला जाणार, हे रकमेवरून ठरत नाही. ते शासन निर्णयातल्या अटींवरून ठरते. त्यातली सर्वांत मोठी अट एका ओळीची असते: कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अमुक लाखांच्या आत असावे. या अटीला इंग्रजीत ‘मीन्स टेस्ट’ म्हणतात. आपण तिला ऐपतीची तपासणी म्हणू. ही तपासणी बेरोजगाराच्या अर्जाचे नेमके काय करते, हे आपल्या तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. कारण उद्या आपल्याच वस्तीत हे अर्ज आपणच भरून देणार आहोत.

दोन वाटा: विमा आणि तपासणी

बेरोजगाराला मदत देण्याच्या जगात मुख्यतः दोन पद्धती आहेत. पहिली विम्याची. काम चालू असताना कामगार आणि मालक वर्गणी भरतात. काम सुटले की ठरलेली रक्कम मिळते. घरात आणखी कोण कमावते, बँकेत किती शिल्लक आहे, हे कोणी विचारत नाही. दुसरी पद्धत तपासणीची. ‘तुम्ही खरोखर गरीब आहात, हे आधी सिद्ध करा,’ असे सरकार सांगते आणि मग मदत देते.

पहिल्या पद्धतीत माणूस आपल्या हक्काची रक्कम मागतो. दुसऱ्या पद्धतीत त्याला घराचे दार उघडून दाखवावे लागते. हा फरक कागदावर छोटा दिसतो. प्रत्यक्षात तो किती मोठा असतो, हे ब्रिटनने 1930 च्या दशकात अनुभवले.

1931 चा ब्रिटन

ब्रिटनमध्ये 1911 च्या कायद्याने काही ठरावीक उद्योगांतील कामगारांना बेरोजगारी विमा मिळाला. 1920 मध्ये तो बहुतेक उद्योगांना लागू झाला. पण शेतमजूर आणि घरकामगार त्याच्या बाहेरच राहिले. 1929 नंतर महामंदी आली. बेकारांची संख्या वाढत जाऊन 1933 च्या सुरुवातीला 30 लाखांच्या घरात पोहोचली. विमा निधीवर कर्जाचा डोंगर झाला. भत्त्यात कपात करावी की नाही, या वादात ऑगस्ट 1931 मध्ये मजूर पक्षाचे सरकार कोसळले. रॅम्से मॅक्डोनाल्ड यांच्याच नेतृत्वाखाली नवे ‘राष्ट्रीय सरकार’ आले. पुढच्या वर्षी जातीय निवाडा जाहीर करणारे हेच ते मॅक्डोनाल्ड.

या सरकारने दोन गोष्टी केल्या. प्रौढ पुरुषाचा आठवड्याचा भत्ता 17 शिलिंगांवरून 15 शिलिंग 3 पेन्सांवर आणला. आणि विम्याचा भत्ता 26 आठवड्यांपुरता मर्यादित केला. त्यानंतरही काम मिळाले नाही, तर पुढची मदत स्थानिक समितीकडून, संपूर्ण घराची ऐपत तपासून मिळणार होती. नोव्हेंबर 1931 मध्ये ही तपासणी सुरू झाली. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी बाबासाहेब तेव्हा लंडनमध्येच होते.

तपासनीस घरी येत. मुलाची मजुरी, मुलीची मजुरी, म्हाताऱ्या आईची पेन्शन, साठवलेले पैसे हे सगळे मोजले जाई आणि तेवढ्या प्रमाणात बेकार बापाचा भत्ता कापला जाई. विकता येईल असे सामान घरात आहे का, हेही पाहिले जाई. आयुष्यभर खाणीत राबलेला माणूस अचानक आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या मजुरीवर अवलंबून झाला. मुलांना वाटे, आपण घरात राहतो म्हणून वडिलांचे पैसे जातात. कित्येक मुले वेगळी खोली घेऊन राहू लागली, किंवा वेगळे राहत असल्याचे दाखवू लागली. शेजाऱ्याची खबर देणारेही निपजले. जॉर्ज ऑर्वेल यांच्या 1937 च्या ‘द रोड टू विगन पिअर’ या पुस्तकात या घरांची आणि या भीतीची नोंद आहे.

काही ठिकाणच्या समित्यांनी माणुसकी दाखवली. रॉदरहॅम आणि डरहॅम येथील समित्या फार सढळ हाताने मदत देतात, असे म्हणून 1932 मध्ये सरकारने त्यांचे अधिकार काढून घेतले आणि आपले आयुक्त बसवले. त्याच वर्षी बेकारांचे मोर्चे देशभरातून पायी लंडनला आले. 1935 मध्ये नवे दर लागू होताच वेल्समध्ये आणि अन्यत्र लोक इतक्या मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले की सरकारला कपात थांबवावी लागली. अखेर 1941 च्या कायद्याने संपूर्ण घराची ऐपत मोजण्याची ही पद्धत रद्द झाली.

1942 मध्ये विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक विम्याचा अहवाल आला. वर्गणी भरणाऱ्याला बेकारीत भत्ता मिळेल आणि त्यासाठी ऐपत तपासली जाणार नाही, हे त्याचे मुख्य सूत्र होते. हे बेव्हरिज 1919 पासून 1937 पर्यंत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक होते. म्हणजे बाबासाहेब तिथे डी.एस्सी. करत होते, त्या काळातही.

घराचा हिशेब, माणसाचे नुकसान

आता आपल्याकडे येऊ. छत्तीसगड सरकारने एप्रिल 2023 पासून बारावी उत्तीर्ण बेरोजगारांना महिना 2,500 रुपये भत्ता सुरू केला. अटी होत्या: वय 18 ते 35, रोजगार कार्यालयात किमान दोन वर्षांपूर्वीची नोंदणी, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 2.5 लाखांपेक्षा जास्त नको, आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ. उत्पन्नाची ही मर्यादा धरून तीन घरांचा हिशेब करून पाहू.

पहिले घर: वडील नगरपालिकेत सफाई कामगार, पगार महिना 24,000. घरात सहा माणसे. वर्षाचे उत्पन्न 2,88,000. माणशी महिना 4,000 रुपये. पदवीधर मुलगा बेकार. त्याचा अर्ज नामंजूर.

दुसरे घर: उत्पन्न महिना 20,000. घरात तीन माणसे. वर्षाचे 2,40,000. माणशी महिना 6,600 रुपयांहून अधिक. इथला मुलगा पात्र.

म्हणजे तोंडे जास्त आणि वाट्याला पैसे कमी असलेले घर बाहेर, आणि तुलनेने बरे घर आत.

तिसरे घर दुसऱ्यासारखेच, 2,40,000 चे. भावाला भत्ता मिळतो. बहिणीला महिना 3,000 चे अर्धवेळ काम मिळते. वर्षाला 36,000 आले, पण घराचे उत्पन्न 2,76,000 झाले. भावाचे वर्षाचे 30,000 गेले. बहीण वर्षभर राबली आणि घरात भर पडली फक्त 6,000 ची, म्हणजे महिना 500. अशा वेळी घरातले काय म्हणतील? ‘जाऊ दे ते काम.’ आणि घरी बसवली जाते ती बहुतेक वेळा मुलगीच. मर्यादा ओलांडताच सगळा भत्ता बंद होतो, त्याचा हा परिणाम आहे. ब्रिटनमधली तपासणी करून दिली जाणारी आजची मदतही कडक आहे. 16,000 पौंडांहून जास्त बचत असेल तर ती मिळत नाही. पण कमाई वाढली की तिथे मदत एकदम बंद होत नाही. ठरावीक सवलतीनंतर दर पौंडामागे 55 पेन्स कापले जातात.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. नोकरी या महिन्यात सुटते आणि दाखला मागच्या वर्षाच्या उत्पन्नाचा मागितला जातो. ज्याची कमाई कालच थांबली, तो कागदावर अजून कमावताच असतो.

तपासणी कोणाला पकडते?

समाजशास्त्राच्या दृष्टीने मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ऐपतीची तपासणी सगळ्यांची ऐपत सारखी मोजू शकत नाही. जे उत्पन्न कागदावर दिसते, तेच ती मोजते. दुकानदाराचे किंवा बागायतदाराचे उत्पन्न बरेचसे तो सांगेल तसे आणि तलाठ्याच्या अहवालात येईल तसे ठरते. सफाई कामगाराचे, रेल्वेतल्या गँगमनचे, शिपायाचे उत्पन्न पगारपत्रकावर रुपयासकट छापलेले असते. आपल्या समाजातल्या बहुसंख्य घरांकडे ना जमीन आहे, ना व्यापार. एक पिढी शिकली आणि एक पगार घरात आला. त्या एका पगारावर आई-वडील, बेकार भाऊ, विधवा बहीण, पुतण्याची फी असे सगळे चालते. तपासणीला पगार दिसतो. त्यावर जगणारी माणसे दिसत नाहीत.

दुसरे टोक याहून वाईट. नाक्यावरचा मजूर, कचरा वेचणारी बाई, कंत्राटदाराकडे रोखीने पगार घेणारा तरुण यांच्याकडे उत्पन्नाचा कसलाच कागद नसतो. ते खरोखर गरीब आहेत, पण गरिबी सिद्ध करायला तलाठी, सेतू केंद्र, तहसील अशा खेपा माराव्या लागतात. प्रत्येक खेप म्हणजे बुडालेली मजुरी. म्हणून कित्येक पात्र माणसे अर्जच करत नाहीत. काहींना लाज वाटते, काहींना पुढे वसुली होईल अशी भीती असते. सरकारी आकडेवारीत मात्र ‘अर्ज कमी आले’ एवढेच दिसते आणि त्याचा अर्थ ‘गरज कमी आहे’ असा लावला जातो.

तपासणी एकदा होऊन संपतही नाही. महाराष्ट्रात 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली, तीही 2.5 लाखांच्या आणि चारचाकीच्या अटीसह. आधी पैसे मिळाले आणि पडताळणी नंतर सुरू झाली. हा अनुभव आपल्या आयाबहिणींना ताजा आहे.

बाबासाहेबांची दिशा

जुलै 1942 मध्ये बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्यांच्या काळात, 1943 मध्ये, प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचे काम सोपवले गेले. त्यातून पुढे 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपला ‘ईएसआय’, उभा राहिला. ही वाट वर्गणीची आणि हक्काची होती. 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी प्रत्येक प्रौढ नागरिकाला वेतनाच्या प्रमाणात सक्तीचा विमा असावा, असे मांडले. बेकार माणूस पोटासाठी आपले मूलभूत हक्कही सोडायला तयार होतो, हा इशाराही त्यात आहे. संविधानाच्या अनुच्छेद 41 मध्ये बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता या स्थितीत सरकारी साहाय्य देण्याचे निर्देश आहेत, राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत.

धम्मातही याचा धागा सापडतो. दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तात राजाचा पुरोहित सांगतो की, चोऱ्या शिक्षेने थांबणार नाहीत. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि राजसेवकाला वेतन द्या. कोण किती दरिद्री आहे, याचा पुरावा तो मागत नाही. ज्याला उभे राहायला जे लागते ते द्या, असे तो म्हणतो.

ईएसआयमध्ये सुरुवातीला बेकारीचा समावेश नव्हता. 2018 मध्ये ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ आली. काम सुटलेल्या विमाधारकाला सरासरी दैनिक वेतनाच्या 25 टक्के, आणि 2020 पासून 50 टक्के रक्कम, 90 दिवसांपर्यंत. यात कुटुंबाचे उत्पन्न विचारले जात नाही. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली गेली आहे, म्हणून अर्जापूर्वी ईएसआय कार्यालयात सद्यस्थिती विचारावी. अडचण वेगळी आहे. ईएसआय लागू आहे तो साधारण दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना आणि 21,000 पर्यंत वेतन असलेल्यांना. घरकामगार, शेतमजूर, नाका कामगार आजही बाहेरच आहेत.

मग तपासणी नकोच का?

‘पैसा मर्यादित आहे, श्रीमंताच्या मुलाला भत्ता कशाला?’ हा प्रश्न योग्य आहे. पण श्रीमंताला वगळण्यासाठी प्रत्येक गरिबाला रांगेत उभे करण्याची गरज नसते. आयकर भरणाऱ्यांची यादी सरकारकडेच आहे. ती लावून वगळता येते. बाकीच्यांसाठी स्वयंघोषणापत्र पुरे. बेकारी व्यक्तीची असते, म्हणून उत्पन्नही व्यक्तीचे पाहावे. आणि कुटुंबाचेच पाहायचे असेल, तर माणशी पाहावे.

म्हणून भत्त्याची कोणतीही योजना आली की कार्यकर्त्यांनी हे विचारावे:

1. उत्पन्न कोणाचे मोजणार? कुटुंबात लग्न झालेला भाऊ, आजीची पेन्शन धरणार का?
2. मर्यादा ओलांडल्यावर भत्ता शून्य होणार, की हळूहळू कमी होणार?
3. नोकरी आता सुटली असेल, तर मागच्या वर्षाचा दाखला का?
4. नामंजुरीचे लेखी कारण आणि अपिलाची सोय आहे का?

कामे दोन आहेत. पहिले, प्रत्येक अर्जाची तारखेसह पोचपावती घ्या. 2005 च्या मनरेगा कायद्यात 15 दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्त्याची तरतूद होती आणि तिथे ऐपतीची तपासणीही नव्हती. तरीही पोचपावतीच न दिल्याने मजुरांचे दावे उभेच राहू शकले नाहीत. दुसरे, किती अर्ज आले, किती नाकारले आणि कोणत्या कारणाने, ही माहिती आपल्या तालुक्यापुरती माहिती अधिकारात मागवा. उत्पन्नाच्या अटीवर किती मुले बाहेर गेली, हे त्या आकड्यांतून कळेल.

रविवारी वंदनेला जमणाऱ्या तरुणांपैकी किती जणांच्या पगारातून ईएसआयची कपात होते, किती जणांना आपला विमा क्रमांक माहीत आहे, एवढी नोंद विहारातल्या एका वहीत केली तरी सुरुवात होईल.

जय भीम!