कामावर परतणारी माता आणि दूध काढण्याचा पंप

बाळंतपणाची रजा संपत आली की अनेक घरांत एकच प्रश्न उभा राहतो : आई दिवसभर बाहेर असताना बाळाच्या दुधाचे काय? १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती कायम ठेवली. यांपैकी ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. ज्या भगिनी ते घेतात, त्यांच्या वाट्याला प्रसूतीनंतर १८ आठवडेच उरतात. म्हणजे त्या कामावर रुजू होतात तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचे असते. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचेच दूध द्यावे आणि पुढे पूरक आहाराबरोबर दोन वर्षे किंवा अधिक काळ ते चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. हे मधले अंतर कसे भरून काढावयाचे?

अशा वेळी दुकानात ‘ब्रेस्ट पंप’ या नावाने मिळणारे विजेचे यंत्र उपयोगी पडते. परंतु बाजारात त्याचे इतके प्रकार आहेत की सामान्य कुटुंब गोंधळून जाते. कोणी सर्वांत महाग ते चांगले असे समजते, तर कोणी सर्वांत स्वस्त उचलून पुढे पस्तावते. म्हणून किंमत विचारण्याआधी आपली गरज काय, हे ठरविणे श्रेयस्कर.

पंप प्रत्येकीला हवा का?

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दूध काढण्याचे सर्वांत जुने व बिनखर्चाचे साधन म्हणजे आपले हात. हात स्वच्छ धुवावेत, अंगठा व बोटे स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेवावीत, छातीकडे हलके दाबून मग एकमेकांकडे दाबावीत व सैल सोडावीत. बोटे कातडीवर घासू नयेत. पहिल्या काही दिवसांतील घट्ट चीक तर यंत्रापेक्षा हातानेच चांगला निघतो. आरोग्य केंद्रातील परिचारिकेकडून ही कृती एकदा शिकून घ्यावी. शेतावर वा रोजंदारीवर जाणाऱ्या, पगारी रजा नसलेल्या भगिनींना तर तिचा विशेष उपयोग आहे.

आठवड्यातून एखाद्या वेळी बाहेर जावे लागत असेल, तर हात किंवा हाताने दाबावयाचा साधा पंप पुरेसा आहे. मात्र रोज आठ-नऊ तास घराबाहेर राहून दोन-तीन वेळा दूध काढावयाचे असेल, तर विजेच्या पंपाने वेळ व श्रम दोन्ही वाचतात. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल किंवा स्तनाशी घेता येत नसेल, तर खरेदीपूर्वी डॉक्टरांना विचारावे. अशा वेळी अनेक मातांनी वापरता येईल असा रुग्णालयातील मोठा पंप काही काळ भाड्याने घेणे अधिक हिताचे ठरू शकते.

यंत्राचे कार्य

बाळ दूध पिताना आधी भराभर व हलके ओढते. दुधाला पान्हा फुटला की ते सावकाश व खोल घोट घेऊ लागते. चांगला पंप याचेच अनुकरण करतो. बुद्धिबळपटू म्हणून प्रसिद्ध असलेले एडवर्ड लास्कर हे व्यवसायाने अभियंता होते. त्यांनी १९२० च्या दशकात विजेचा असा पंप तयार केला होता. पुढे स्वीडनचे अभियंता आयनार एग्नेल यांनी स्तनावर पडणाऱ्या ओढीचा अभ्यास करून १९५६ साली अधिक सौम्य यंत्राचा पाया घातला. ‘ओढ जितकी जास्त, तितके दूध जास्त’ हा समज खोटा आहे. जाहिरातीत ३०० मिलिमीटर पाऱ्याइतकी ओढ लिहिली म्हणून भुलून जाऊ नये. वेदना झाल्या की पान्हा आटोपतो आणि दूध कमीच येते.

पारख कशी करावी?

पहिली पारख नरसाळ्यासारख्या वाटीची. बहुधा २४ मिलिमीटरची वाटी पंपासोबत येते, पण ती सर्वांनाच बसते असे नाही. स्तनाग्र नळीत मोकळेपणाने पुढे-मागे सरकले पाहिजे. घासले किंवा भोवतालचा काळा भाग फार आत ओढला गेला तर माप चुकले. निरनिराळ्या मापांच्या वाट्या सुट्या मिळतात की नाही, हे आधी विचारावे.

दुसरी पारख नियंत्रणाची. ओढीचा जोर व गती ही दोन्ही स्वतंत्रपणे कमी-अधिक करता आली पाहिजेत.

तिसरी, दूध नळीतून यंत्रात जाऊ नये म्हणून मध्ये पडदा असलेला पंप घ्यावा. हा पडदा नसेल, तर नळीत ओल राहून बुरशी धरते.

चौथी, एकेरी की दुहेरी? दुहेरी पंप दोन्ही बाजूंचे दूध एकाच वेळी काढतो. कचेरीतील सुटी थोडी असेल तर त्याची किंमत वसूल होते. अन्यथा एकेरी पुरतो.

पाचवी, बॅटरी. जेथे वीज वारंवार जाते तेथे, तसेच प्रवासात, भारित होणारी बॅटरी अत्यावश्यक होय.

सहावी व बहुधा विसरली जाणारी, सुटे भाग. पंप ओढेनासा झाला म्हणजे तो बिघडलाच असे नाही. पुष्कळदा केवळ रबरी झडप झिजलेली असते. ती आपल्या गावी किंवा टपालाने मिळत नसेल, तर स्वस्त पंपही महाग पडतो.

दोन वस्तू मात्र टाळाव्यात. काचेच्या नळीला रबरी फुगा जोडलेला पंप नीट स्वच्छ होत नाही. आणि एकीने वापरण्यासाठी बनविलेला पंप दुसरीचा, मग ती सख्खी बहीण का असेना, घेऊ नये. आतल्या भागांत गेलेले दूध धुऊन निघत नाही.

दूध साठविताना

प्रत्येक वापरानंतर दुधाचा स्पर्श झालेले भाग वेगळ्या पातेल्यात साबण व गरम पाण्याने धुवावेत, उघड्यावर वाळवावेत आणि बाळ लहान असेतो दिवसातून एकदा उकळावेत. काढलेले दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत ४ तास टिकते. आपल्याकडील उन्हाळ्यात त्यावर विसंबू नये. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थंड डब्यात ते २४ तास राहते. शीतकपाटात आतल्या बाजूस ४ दिवस राहते, दारातील कप्प्यात मात्र ठेवू नये. बाटलीवर तारीख व वेळ लिहावी.

घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना एक विनंती. गाईचे दूध आपण उकळतो, तसे आईचे दूध उकळू नये. बाटली कोमट पाण्यात धरावी. वर साय आली म्हणजे दूध नासले असे नव्हे, हलके हलविले की ती मिसळते. पंपासोबत बाटली आली तरी तिचा उपयोग साठवणीपुरता करावा. पाजण्यासाठी वाटी-चमचा, आपले जुने बोंडले किंवा दक्षिणेतील पालडै उत्तम. पाजण्याच्या बाटल्यांच्या जाहिरातींवर १९९२ च्या कायद्याने बंदी घातली आहे, ती विनाकारण नव्हे. उष्टे उरलेले दूध दोन तासांनंतर टाकून द्यावे.

मातेला हवा असलेला धीर

पंपाच्या बाटलीत थोडे दूध दिसले की घरात लगेच कुजबुज सुरू होते : “हिला दूधच पुरत नाही.” वाचकहो, हा निष्कर्ष काढण्याची घाई करू नका. यंत्र बाळाइतके कुशल नसते. बाळ नुकतेच पिऊन गेले असेल तर दूध थोडेच निघणार. दूध पुरते की नाही हे बाळाच्या वजनावरून व दिवसातून सहा किंवा अधिक वेळा ओल्या होणाऱ्या दुपट्यांवरून ओळखावे. सवय व्हावी म्हणून रुजू होण्यापूर्वी दोन आठवडे पंप वापरून पाहावा. सासूबाईंनी त्या वेळात बाळ सांभाळले, यजमानांनी पंपाचे भाग धुऊन ठेवले, तर तीही मोठीच मदत होय.

कार्यालयांचेही कर्तव्य आहे. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत मातेला दिवसातून दोन विश्रांती मिळण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची तरतूद आहे. आतून कडी लागणारी एक स्वच्छ खोली आणि एक खुर्ची, एवढ्यासाठी मोठा खर्च लागत नाही. ती नसली की हजारो रुपयांचा पंप कपाटातच पडून राहतो आणि दूध हळूहळू आटते. म्हणून रुजू होण्यापूर्वीच, पंपाच्या चौकशीबरोबर, त्या खोलीची चौकशीही आपल्या वरिष्ठांकडे लेखी करावी.