एकच प्रश्न, दोन वेग

हरिहरेश्वरीं प्रदक्षिणेस निघणाऱ्यास आधीं समुद्राची वेळ विचारावी लागते. प्रदक्षिणेची वाट डोंगरावरून पायऱ्यांनीं खालीं उतरते आणि समुद्रकांठच्या खडकांवरून जाते. ओहोटीस ती सुखाची, भरतीस धोक्याची. भरतीची वेळ रोज सुमारें ५० मिनिटांनीं पुढें सरकते. म्हणजे आठवड्याभरांत ओहोटीच्या जागीं भरती येते. गेल्या आठवड्याची वेळ धरून निघालेला भाविक पाण्यांत अडकला, तर दोष त्याच्या पायांचा नव्हे, जुन्या माहितीचा होय.

संगणकांतील माहितीसाठ्याचेंही बरेंचसें असेंच आहे. समजा, जमिनीच्या त्याच नोंदी दोन सर्व्हरांवर ठेविल्या आहेत. मुंबईस राहणाऱ्या एका कुटुंबाला गांवच्या सुपारीच्या वाडीच्या वारसनोंदीसाठीं सातबारा उतारा हवा आहे. एका सर्व्हरवर नांव घालतांच तो अर्ध्या सेकंदांत येतो. दुसऱ्यावर ४० सेकंद लागतात. लोक खोळंबतात, आणि कोणी तरी म्हणतो, "यंत्र जुनें झालें, नवें घ्या." हा निर्णय पुष्कळदां घाईचा ठरतो.

१९७० सालीं एडगर कॉड यांनीं मांडलेल्या पद्धतींत विचारणाऱ्यानें काय हवें एवढेंच सांगावयाचें; तें कसें शोधावें हें यंत्रानें ठरवावयाचें. १९७९ सालीं आय. बी. एम.च्या पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांचे सहकारी यांनीं प्रत्येक मार्गाचा खर्च अंदाजून सर्वांत स्वस्त मार्ग निवडण्याची रीत प्रसिद्ध केली. हा अंदाज नोंदी किती, एखादें नांव किती वेळां येतें, अशा साठविलेल्या आंकड्यांवर अवलंबून असतो. आंकडे शिळे झाले कीं वाट चुकते.

मग शोध कसा घ्यावा? प्रथम तुलना न्याय्य करावी. दोहींकडे नोंदी, प्रश्न, प्रणालीची आवृत्ति व कामाची गर्दी सारखीच आहे ना, हें पाहावें. प्रश्न तीनचार वेळां विचारावा. कारण पहिल्या खेपेस पानें डिस्कवरून आणावीं लागतात, पुढें तीं स्मृतींत तयार असतात.

नंतर निवडलेला मार्ग पाहावा. पोस्टग्रेस या प्रणालींत 'एक्स्प्लेन ॲनलाइझ' ही आज्ञा प्रश्न प्रत्यक्ष चालवून अंदाज व खरी संख्या शेजारीं शेजारीं दाखविते. अंदाज १० नोंदींचा आणि निघाल्या २ लक्ष, असें दिसल्यास बहुधा आंकडे शिळे आहेत. 'ॲनलाइझ' आज्ञेनें ते ताजे करावे. दुसऱ्या सर्व्हरवर नांवांची सूचीच नसेल, तर त्यास सारें दप्तर पान-पान चाळावें लागतें. तेथें सूची बांधावी. हें सर्व सारखें असूनही मार्ग भिन्न असतील, तर खर्चाचीं परिमाणें ताडून पाहावीं. डिस्कवरील तुटक वाचनाचा खर्च पोस्टग्रेस मुळांत ४ धरते. कोणी तो एकीकडे १.१ केला असेल, तर तेथें सूचीची वाट स्वस्त दिसते.

मार्गही एकच निघाला, तर मात्र स्मृति, डिस्क, किंवा दुसऱ्या कामानें अडवून ठेविलेल्या नोंदी यांकडे वळावें. एका वेळीं एकच बदल करावा आणि पुन्हां वेळ मोजावी. दोन बदल एकदम केल्यास गुण कशाचा तें कळत नाहीं.

नव्या यंत्राचा विचार या सर्वांच्या शेवटीं. भरतीच्या वेळीं निघालेल्यास धट्टेकट्टे पाय फारसे उपयोगी पडत नाहींत.